विंडोज सोडण्यापूर्वी : गेम खेळणाऱ्यांनी लिनक्सकडे कसे वळावे

विंडोज १० या प्रणालीस सुरक्षाविषयक दुरुस्त्या पुरविण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि तेव्हापासून नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर या कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातील गावांतून एकाच आशयाची विचारणा पुनःपुन्हा होत आहे. घरातील संगणक उत्तम चालतो, त्यावर मुले संध्याकाळी गेम खेळतात आणि वडीलधारी माणसे पेढ्या-बासुंदीच्या दुकानाचा हिशेब ठेवतात. परंतु विंडोज ११ घेऊ गेल्यास यंत्र अपात्र असल्याचा नकार पडद्यावर उमटतो. अशा वेळी नवा संगणक विकत घ्यावा, की कोणी सुचवितात त्याप्रमाणे लिनक्स घालून पाहावे, आणि घातलेच तर आपले गेम त्यावर खरोखर चालतात काय, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणारे सल्लागार जागोजागी भेटतात आणि त्यांच्या दोन्ही उत्तरांनी लोकांचे नुकसान होते. ‘सगळे चालते’ या भरवशावर कोणी संपूर्ण डिस्क पुसून टाकतो आणि मुलाचा आवडता व्हॅलोरंट लिनक्सवर सुरूच होत नाही हे त्याला नंतर कळते. ‘लिनक्सवर गेम चालतच नाहीत’ या दहा वर्षांपूर्वीच्या समजुतीवर विसंबून दुसरा कोणी आणखी चार-पाच वर्षे सहज काम देईल असे यंत्र भंगाराच्या भावाने विकतो. माझे मत असे की, हा निर्णय दोन याद्यांवर घ्यावा. आपण व आपली मुले प्रत्यक्ष कोणते गेम खेळता ही पहिली यादी, आणि त्याच संगणकावर घरातील इतर मंडळी कोणती कामे करतात ही दुसरी. कागद-पेन्सिल घेऊन या याद्या तयार कराव्यात आणि मगच पुढील मजकूर वाचावा.

नकार का येतो, आणि घाई करावी काय

विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, अथवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतील किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. सहाव्या-सातव्या पिढीचे आय-५ असलेली यंत्रे त्यामुळे बाद ठरतात. त्यांच्या बळात काही न्यून आहे असा त्याचा अर्थ नाही. आपला प्रोसेसर आठव्या पिढीचा अथवा त्यापुढचा असूनही नकार येत असेल, तर टीपीएम बहुधा बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ‘पीटीटी’ व एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाची नोंद शोधून ती चालू करावी. तेवढ्यानेच प्रश्न सुटला, तर पुढील सर्व खटाटोपाची गरज उरत नाही.

मुदत संपली म्हणून विंडोज १० बंद पडत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर केली, आणि संगणकाच्या सेटिंगची प्रत मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवण्यास संमती दिल्यास तीत विनामूल्य नाव नोंदविण्याची मुभा ठेवली. ज्यांच्या घरी अद्याप विंडोज ७ किंवा ८ आहे त्यांची स्थिती मात्र निराळी आहे. त्या प्रणालींना स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने १ जानेवारी २०२४ पासूनच आधार देणे बंद केले आहे.

विंडोजचे गेम लिनक्सवर कशाच्या बळावर चालतात

निर्णयापुरते इतकेच जाणावे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर चालविण्याची ‘वाइन’ नावाची योजना १९९३ पासून चालू आहे. तिच्या पायावर स्टीम चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणले; विंडोजच्या डायरेक्टएक्स पद्धतीने चित्र काढण्याच्या ज्या आज्ञा गेम देतो, त्या हे प्रोटॉन व्हल्कन या मुक्त पद्धतीच्या आज्ञांत बदलून देते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीने स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आणले आणि ते लिनक्सवर चालत असल्याने प्रोटॉन निर्दोष ठेवणे हा तिच्या धंद्याचाच भाग झाला. स्टीम डेकची अधिकृत विक्री भारतात होत नसली, तरी त्यासाठी झालेल्या परिश्रमांचे फळ नृसिंहवाडीतल्या जुन्या संगणकालाही मिळते.

या व्यवस्थेस व्हल्कन लागते, ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्राफिक्स कार्डाचा विचार करताना तिचे महत्त्व कळेल.

पहिली यादी : आपले गेम

यादीतील प्रत्येक गेमचे नाव ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर शोधावे. लिनक्सवर तो गेम खेळून पाहिलेल्यांनी आपले अनुभव तेथे नोंदविलेले असतात. प्लॅटिनम किंवा गोल्ड असा शेरा असल्यास बहुधा चिंता नसते. सिल्व्हर व ब्रॉन्झ म्हणजे खटपट करावी लागेल. निव्वळ शेऱ्यावर न थांबता अलीकडच्या महिन्यांतील नोंदी वाचाव्यात, आणि त्यांतही आपल्यासारखेच ग्राफिक्स कार्ड असलेल्या माणसाची नोंद आधी वाचावी. साधारणतः आपल्या यादीची विभागणी अशी होईल :

- लिनक्ससाठीच बनविलेले : काउंटर-स्ट्राइक २, डोटा २, स्टारड्यू व्हॅली, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती. हे थेट चालतात. मात्र काउंटर-स्ट्राइकचे सामने जे ‘फेसिट’वर खेळतात त्यांनी जपावे, कारण फेसिटचा लबाडी रोखणारा पहारा लिनक्सवर उपलब्ध नाही.
- प्रोटॉनद्वारे चालणारे : विचर ३, सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, रेड डेड रिडेम्प्शन २ ची कथा, एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती. एकट्याने खेळावयाचे बहुसंख्य गेम याच गटात मोडतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा २०२० मधील गेमही एकट्याने खेळण्याचा आहे आणि त्याच्या मार्गात पुढे सांगितलेला पहाऱ्याचा अडसर येत नाही.
- न चालणारे : व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजंड्स, फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटीचे अलीकडचे भाग, बॅटलफिल्ड ६, संगणकावरील पब्जी, एपेक्स लेजंड्स, रेनबो सिक्स सीज, ईए स्पोर्ट्स एफसी आणि जीटीए ५ चा ऑनलाइन भाग.

तिसऱ्या गटाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण फसगत होते ती येथेच. लबाडी करून जिंकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी अशा गेमबरोबर एक पहारेकरी प्रोग्राम येतो आणि तो विंडोजच्या अगदी अंतर्भागात ठाण मांडतो. व्हॅलोरंटच्या व्हॅनगार्डसारखे काही पहारेकरी लिनक्ससाठी बनविलेलेच नाहीत. ईझी अँटी-चीट व बॅटलआय या दोहोंनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट मोकळी करून दिली; परंतु ती उघडण्याचा अधिकार प्रत्येक गेमच्या निर्मात्याकडे राहिला. एल्डन रिंगच्या निर्मात्यांनी ती उघडली, तर फोर्टनाइटसाठी एपिकने स्वतःचाच ईझी अँटी-चीट असूनही उघडली नाही. शिवाय दिलेली परवानगी परतही घेता येते : एपेक्स लेजंड्स लिनक्सवर सुरळीत चालत असता ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी निर्मात्यांनी तो बंद केला, आणि जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यावर लिनक्सवरील खेळाडू एका दिवसात बाहेर पडले. म्हणून मित्रमंडळींसह खेळावयाचा ऑनलाइन गेम आज चालतो, एवढ्या आधारावर विंडोज पुसून टाकू नये. कोणता पहारा कोठे चालतो याची अद्ययावत नोंद ‘आर वी अँटी-चीट येट’ या संकेतस्थळावर ठेवलेली असते, ती अवश्य पाहावी. पहारा चुकविण्याच्या ज्या युक्त्या व्हिडिओतून शिकविल्या जातात त्यांच्या वाटेस मुळीच जाऊ नये. त्यात खाते कायमचे बंद होण्याचा धोका असतो.

आणखी दोन गोष्टी. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासमधील गेम लिनक्सवर उतरवून घेता येत नाहीत. तसेच बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स हे मुळात फोनचे गेम आहेत. ब्लूस्टॅक्समधून ते संगणकावर खेळण्याची सवय असेल, तर ब्लूस्टॅक्सची लिनक्स आवृत्ती नाही हे मुलांना आधीच सांगावे.

ग्राफिक्स कार्ड : येथे स्पष्ट बोललेले बरे

जुन्या यंत्रावर लिनक्स घालावे असा सल्ला देणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत. संगणक लिनक्सवर चालणे वेगळे आणि त्यावर गेम चालणे वेगळे.

एएमडीचे आरएक्स ४७०, ५७०, ५८० किंवा त्यानंतरचे कार्ड असल्यास ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतो, आपण काही करावयाचे नसते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६ मालिकेला व सर्व आरटीएक्स कार्डांना कंपनीचे चालू ड्रायव्हर लागू पडतात. मात्र डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये विंडोजच्या तुलनेत वेग काहीसा घटतो, हे गृहीत धरावे. आपल्या भागात फार मोठ्या संख्येने असलेली जीटीएक्स १०५०, १०५० टीआय, १०६० ही कार्डे अजून चांगली चालतात, परंतु ड्रायव्हरची ५८० ही शाखा त्यांच्यासाठी अखेरची आहे. तीच निवडावी, तिच्यापुढच्या क्रमांकाची घेऊ नये.

जीटी ७१० आणि जीटी ७३० ही स्वस्त कार्डे दुकानदारांनी जोडणीच्या हजारो संगणकांत घातली, आणि वेगळे कार्ड नसलेली, इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतची यंत्रे तर घरोघरी आहेत. व्हल्कनची १.३ ही पायरी यांपैकी कोणालाही गाठता येत नाही, आणि आजच्या प्रोटॉनचे तिच्यावाचून चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घातल्यास मुलांचा अभ्यास, ब्राउझर, पत्रव्यवहार उत्तम चालेल, जुने व हलके गेमही चालतील, पण गेमसाठी म्हणून ते यंत्र लिनक्सवर नेण्यात अर्थ नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढे, वेगळे कार्ड नसले तरी, साधे गेम प्रोटॉनवर खेळता येतात.

दुसरी यादी : घरातील कामे

गेमची यादी निर्वेध निघाली तरी दुसऱ्या यादीवरून निर्णय फिरू शकतो. पुढीलपैकी काही आपल्या घरी असल्यास विंडोज शेजारी ठेवणेच शहाणपणाचे :

- टॅली, किंवा जीएसटीच्या कामासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी चावी;
- पत्रिका, पावत्या, हस्तपत्रके यांसाठी श्री-लिपी, पेजमेकर, कोरलड्रॉ;
- एमएस-सीआयटीच्या परीक्षेचा सराव, कारण तेथे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्याच खिडक्या ओळखीच्या असाव्या लागतात;
- कॅनन एलबीपी २९०० सारखा जुना प्रिंटर, जो लिनक्सवर सहजासहजी चालत नाही. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र विनातक्रार चालतात.

मराठी लेखनाविषयी धास्ती बाळगू नये. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये अंगभूत असतो आणि युनिकोड मराठी नीट उमटते. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत साठविलेला मजकूर तेवढा प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

तीन मार्ग

पहिला व माझ्या मते सर्वोत्तम मार्ग म्हणजे दुसरी डिस्क. विंडोज आहे त्या डिस्कला हातही न लावता २४० किंवा ५०० जीबीची एक स्वतंत्र एसएसडी बसवावी आणि लिनक्स तिच्यावर घालावे. स्थापनेच्या वेळी विंडोजच्या डिस्कची वायर काढून ठेवली, तर चुकून काही पुसले जाण्याचा संभवच राहत नाही. काम झाल्यावर वायर पुन्हा जोडावी आणि संगणक सुरू होताना बूट मेनूतून हवी ती डिस्क निवडावी. जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा सांगलीच्या कोणत्याही संगणक दुकानात हे काम करून मिळते. खर्च थोडा होतो, पण घरच्या इतरांच्या कामाला धक्का लागत नाही हा लाभ त्याहून मोठा आहे.

दुसरा मार्ग एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवण्याचा. लॅपटॉपवर बहुधा हाच पत्करावा लागतो. एकेक मोठा गेम शंभर जीबीहून अधिक जागा खातो हे लक्षात घेऊन लिनक्ससाठी किमान दीडशे जीबी जागा मोकळी करावी, आणि ती विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करावी.

तिसरा मार्ग विंडोज संपूर्ण काढून टाकण्याचा. दोन्ही याद्या निर्वेध निघाल्या असतील आणि दोन-तीन महिने लिनक्सवर प्रत्यक्ष खेळून झाले असेल तरच तो अवलंबावा.

कोणते लिनक्स

यावर वाद पुष्कळ चालतात आणि नवख्याला त्यातून काही हाती लागत नाही. सर्व घराला वापरावयाचा संगणक असेल तर लिनक्स मिंट घ्यावे. त्याची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे, आणि २२ या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. संगणक केवळ गेमसाठीच असेल आणि कार्ड एएमडीचे असेल तर बॅझाइटचा विचार करावा. स्टीम डेकवरील स्टीमओएस आपल्या संगणकावर घालावे काय, असेही पुष्कळजण विचारतात. ते मुख्यतः हातात धरावयाच्या यंत्रांसाठी आहे, एनव्हिडिया कार्डाच्या घरगुती संगणकासाठी नाही.

पूर्वतयारी

येथे नृसिंहवाडीपुरते दोन शब्द अधिक लिहितो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्या गावाने पाहिले, तेथे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. आणि डिस्कचे विभाजन चालू असताना वीज गेली तर त्या डिस्कवरील सर्वच मजकूर धोक्यात येतो. म्हणून हे काम यूपीएस असल्याखेरीज, किंवा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असल्याखेरीज करू नये आणि शक्यतो ऑक्टोबरनंतर करावे. दुकान असलेल्यांनी पौर्णिमेचा व दत्तजयंतीचा आठवडाही टाळावा. गिऱ्हाइकांच्या रेट्यात हिशेबाचा संगणक अडून बसणे कोणाच्याही हिताचे नाही.

१. छायाचित्रे, कागदपत्रे, टॅलीचा डेटा यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती प्रत उघडते याची खात्री करावी.

२. गेममधील प्रगतीची प्रत घ्यावी. स्टीमवरील पुष्कळ गेमची प्रगती स्टीम क्लाउडमध्ये आपोआप जपली जाते, पण सर्वांची नाही. उरलेल्यांची बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये अथवा ‘ॲपडेटा’ या लपविलेल्या फोल्डरमध्ये सापडते.

३. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे काय ते पाहावे. नव्या विंडोज ११ मध्ये ते पुष्कळदा न विचारताच चालू झालेले असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून, पुराच्या वेळी घरची कागदपत्रे ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधता, त्याच पिशवीत ठेवावी. ही की हरवली असता विभाजनानंतर विंडोजने ती मागितली, तर डेटा परत मिळविण्याचा उपाय नाही.

४. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असल्यास संगणक पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्सला विंडोजच्या डिस्कवर लिहिता येत नाही.

५. विंडोज पुन्हा बसविण्याचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने आताच बनवून ठेवावा. याचे प्रयोजन अखेरीस येईल.

स्थापना

मिंटची फाइल त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी, आणि तेथे दिलेला शा-२५६ हा आकडा आपल्या फाइलशी पडताळावा. ही सूचना औपचारिक समजू नये : २० फेब्रुवारी २०१६ रोजी खुद्द मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी होऊन लोकांना दूषित फाइलीकडे वळविण्यात आले होते. त्यानंतर रूफस किंवा एचर वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती फाइल उतरवावी. पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व काही पुसले जाते, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह हाती घेऊ नये.

या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यास, डिस्कला स्पर्श न होता मिंट चालू लागते. ही सोय फार मोलाची आहे. वायफाय लागते काय, आवाज येतो काय, प्रिंटर ओळखला जातो काय, मराठी टंकन होते काय, हे सारे येथेच तपासावे. समाधान झाले तरच स्थापनेच्या चिन्हावर जावे, आणि तेथे ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय, एकाच डिस्कवर दोन प्रणाली ठेवणाऱ्याने, चुकूनही निवडू नये.

एनव्हिडिया कार्ड असल्यास स्थापनेनंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्यावा. सिक्युअर बूट चालू असल्यास त्या वेळी एक तात्पुरता पासवर्ड ठरविण्यास सांगितले जाते; तो कागदावर लिहून ठेवावा. संगणक पुन्हा सुरू होताच एक निळा पडदा येतो आणि काही सेकंद थांबून निघून जातो. पुष्कळ माणसे त्याला बिघाड समजून पुढे जातात आणि मग ड्रायव्हर का चालत नाही म्हणून दिवसभर शोध करीत बसतात. त्या पडद्यावर ‘इन्रोल एमओके’ ही ओळ निवडावी, पुढे ‘कंटिन्यू’, ‘येस’ असे जावे, मघाचा पासवर्ड द्यावा आणि ‘रीबूट’ करावे. हा पडदा एकदाच येतो. चुकल्यास ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळणाऱ्याने सिक्युअर बूट बंद करण्याचा सोपा मार्ग धरू नये, कारण त्या गेमला ते चालूच लागते.

स्टीम व इतर दुकाने

स्टीम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून किंवा स्टीमच्या संकेतस्थळावरील डेब फाइलने घालावे. सेटिंग्जमधील ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर सर्व गेमसाठी प्रोटॉन वापरण्याची मुभा देणारी खूण असल्यास ती चालू करावी. त्यानंतर विंडोजचे गेमही नेहमीप्रमाणे उतरवून सुरू करता येतात. एखादा गेम अडला तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन प्रोटॉनची वेगळी आवृत्ती, प्रथम ‘एक्सपेरिमेंटल’, निवडून पाहावी. काही गेमची लिनक्स आवृत्ती जुनी व दुर्लक्षित असते. तेथे विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर अधिक चांगली चालते. एपिकवर दर गुरुवारी मिळणारे मोफत गेम आणि जीओजीचे गेम ‘हीरोइक गेम्स लाँचर’मधून चालविता येतात.

नेहमी अडणाऱ्या तीन जागा

घड्याळ : लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ मानते, एवढेच त्याचे कारण आहे. यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानावे अशी एका ओळीची आज्ञा लिनक्सला दिली की प्रश्न मिटतो.

गेमची जागा : विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरील गेम लिनक्सच्या स्टीममधून थेट चालविण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रोटॉन काही फाइलींच्या नावांत जी चिन्हे वापरते ती विंडोजला मान्य नाहीत, त्यामुळे गेम अधूनमधून बिघडतात. लिनक्सच्या ईएक्सटी-४ पार्टिशनवर गेमची स्वतंत्र प्रत ठेवावी.

दोन ग्राफिक्सचे लॅपटॉप : गेम फारच मंद चालत असेल तर तो बहुधा इंटेलच्या अंगभूत चिपवर चालत असतो. मिंटमधील एनव्हिडियाच्या चिन्हावरून ‘परफॉर्मन्स’ मोड निवडून पाहावे.

आपले हक्क

स्टीमवर विकत घेतलेला गेम खात्याशी बांधलेला असतो, यंत्राशी नाही; लिनक्ससाठी तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा एकूण वेळ दोन तासांच्या आत असल्यास पैसे परत मागता येतात, आणि ‘माझ्या यंत्रावर चालत नाही’ हे कारण त्यासाठी पुरेसे असते. म्हणून नवा गेम घेतल्यावर तो पहिल्या दोन दिवसांतच लिनक्सवर सुरू करून पाहावा.

संगणकाबरोबर अधिकृत विंडोज आले असेल तर तो परवाना त्याच मदरबोर्डाशी निगडित राहतो. लिनक्स घातल्याने तो नष्ट होत नाही, आणि पुढे विंडोज पुन्हा बसविल्यास चावीवाचून चालू होते. दुकानदाराने विंडोजचे पैसे घेऊन अनधिकृत प्रत घालून दिली असल्याचे आढळले, तर पक्क्या पावतीच्या आधारे दाद मागण्याचा हक्क ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये आपणांस आहे; प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा प्रताधिकार अधिनियम, १९५७ खाली गुन्हा आहे हेही विसरू नये. याउलट लिनक्सचा परवानाच त्याची प्रत काढून दुसऱ्यास देण्याची मोकळीक देतो, म्हणून एका घरी बनविलेला मिंटचा पेनड्राइव्ह गल्लीतल्या दहा घरांनी वापरला तरी कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. इंटरनेट मंद असलेल्या गावात या मोकळिकीची किंमत फार आहे.

परत फिरावयाचे असल्यास

लिनक्स मानवले नाही तर परत फिरण्यात कमीपणा नाही, परंतु क्रम पाळावा. स्वतंत्र डिस्क असेल तर बायोसमध्ये विंडोजची डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली की काम संपले. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली असतील, तर लिनक्सचे पार्टिशन घाईने पुसू नये. तसे केल्यास पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उमटतात आणि विंडोज शाबूत असूनही सुरू होत नाही. प्रथम बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद वर आणावी आणि विंडोज तिच्यावरून सुरू होते असे दोनदा पाहावे. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन काढावे आणि ती जागा विंडोजला जोडावी. ही नोंदच सापडत नसेल, तर पूर्वतयारीत बनविलेल्या विंडोजच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधील ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे.